डीओ कॉलेजातून ऑपरेशन थिएटरपर्यंत

अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांत हल्ली हा प्रसंग नेहमीचा झाला आहे. मुलीला एमडी कॉलेजांतून नकार आलेत, एका ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून होकार आलाय. ती खूश आहे, आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आजोबा विचारतायत, "म्हणजे हाडवैद्य होणार का ती?" आईबाबांनाही मनातून तीच शंका असते, फक्त ते ती बोलून दाखवत नाहीत. त्यात मुलगी म्हणते, "मला सर्जन व्हायचंय." मग घरात शांतता.

शंका आधी मिटवू. अमेरिकेतला डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून शिकलेला, हा पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो. पन्नासही राज्यांत तो औषधं लिहून देतो, पोट उघडतो, मेंदूवर शस्त्रक्रिया करतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा भारतात जो स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवतो त्याच्याशी याची गल्लत करू नये. तिथे तो हाताने उपचार करणारा थेरपिस्ट असतो, सर्जन होण्याचा प्रश्नच येत नाही. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला, १८९२मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, आणि त्यानंतर जवळजवळ सत्तर-ऐंशी वर्षं मुख्य धारेतल्या डॉक्टरांनी या लोकांना पंक्तीत बसू दिलं नाही. कॅलिफोर्नियात तर १९६२ साली ६५ डॉलर भरून डीओंना एमडी करून टाकण्याचा प्रकार झाला. आज अमेरिकेतल्या दर चार वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी एक डीओ कॉलेजात आहे.

तरीही सर्जरीची वाट डीओ विद्यार्थ्याला थोडी चढाची आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढची कृती त्या चढासाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं, की डीओ या दोन अक्षरांमुळे जितकं अडतं त्यापेक्षा कितीतरी जास्त अडतं ते तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात उभे होतात यावर. म्हणून कॉलेज निवडताना इमारत, हवामान, मामाचं घर जवळ आहे का, हे सगळं नंतर.

आधी स्वतःला वगळून पाहा

भारतात एमबीबीएस केलं असेल तर हा लेख इथेच सोडा. तुमची वाट ईसीएफएमजीचं (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीचं) प्रमाणपत्र आणि थेट रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं विशेषज्ञ प्रशिक्षण, अशी आहे. डीओ कॉलेजात पुन्हा चार वर्षं घालवणं म्हणजे पैशाची आणि वयाची उधळपट्टी. नाशिक-कोल्हापूरहून बारावी करून थेट डीओला जाता येत नाही, आधी अमेरिकेतली किंवा तिथे चालणारी पदवी लागते. शिवाय बहुतेक डीओ कॉलेजं अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच घेतात. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना घेणारी काही आहेत, पण ती आधी पैशांची हमी मागतात. म्हणजे ही कृती मुख्यतः न्यू जर्सी, डॅलस, बे एरियातल्या मराठी मुलांसाठी आहे.

अर्ज

बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे नेहमीचं. एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर येतात. डीओ कॉलेजांत प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५०३-५०४च्या आसपास असते, जीपीए ३.६च्या आसपास, एमडीला सरासरी ५११च्या पुढे जाते. हा फरक पाहून "डीओ म्हणजे सोपं" असं वाटून घेऊ नका. सर्जरी हवी असेल तर ५०४ची मुलगी पुढे ५११वाल्यांच्याच रांगेत उभी राहणार आहे.

अर्ज 'ॲकोमास' या सामाईक पोर्टलवरून जातो. टेक्सासमध्ये फोर्ट वर्थचं 'टीकॉम' मात्र राज्याच्या स्वतंत्र पोर्टलवरून अर्ज घेतं, ते विसरून दरवर्षी काहीजण हात चोळत बसतात. प्रवेश 'आधी येईल त्याला आधी' या चालीने होतात, म्हणून जूनमध्ये अर्ज टाका. ऑक्टोबरमध्ये टाकलेल्या चांगल्या अर्जापेक्षा जूनमधला बरा अर्ज पुढे सरकतो. एखाद्या डीओ डॉक्टरच्या मागे काही दिवस फिरा आणि त्याच्याकडून शिफारसपत्र घ्या. तो डीओ सर्जन असेल तर उत्तम. मुलाखतीत "डीओच का?" हे विचारलंच जातं, आणि "माणसाला समग्र पाहायचंय" हे पाठ केलेलं उत्तर ऐकून समोरच्यांचे कान किटलेले असतात. त्या डॉक्टरने एका रुग्णाला कसं तपासलं ते सांगा.

कॉलेज निवडताना

इथे वेळ घाला. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. पहिली दोन वर्षं कॅम्पसवर, मग तिसऱ्या वर्षी विद्यार्थी आसपासच्या, कधी दुसऱ्याच राज्यातल्या, छोट्या हॉस्पिटलांत आणि खासगी दवाखान्यांत विखुरले जातात. फॅमिली मेडिसिन करायचं असेल तर यात फारसं बिघडत नाही. उलट एकट्या डॉक्टरबरोबर खूप शिकायला मिळतं. सर्जरीला बिघडतं. एका खासगी सर्जनबरोबर सहा आठवडे हर्निया आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया पाहिल्या, हुक धरून उभं राहिलं, पण रेसिडेंटांची टीम कशी चालते, पहाटेचा राउंड, रात्रीचा ट्रॉमा, कोण कोणाला काय सांगतं, हे पाहिलंच नाही, तर चौथ्या वर्षी मोठ्या हॉस्पिटलात पाऊल टाकताच तुम्ही नवखे दिसता. आणि तिथे नवखं दिसणं महागात पडतं.

म्हणून मुलाखतीच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि सरळ विचारा. तिसऱ्या वर्षाचं सर्जरी रोटेशन कुठे होतं? तिथे सर्जरी रेसिडेन्सी आहे का? रोटेशनची जागा लॉटरीने मिळते की मागून? चौथ्या वर्षी बाहेर जायला किती महिने सुटतात? मागच्या तीन वर्षांत जनरल सर्जरीला किती जण लागले, आणि त्यातले किती एका वर्षाच्या 'प्रिलिम' जागांवर? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. कॉलेजच्या माहितीपत्रकात पूर्ण रेसिडेन्सीच्या आणि प्रिलिम अशा दोन्ही जागा एकाच आकड्यात टाकलेल्या असतात.

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत पूर्वी खास ऑस्टिओपॅथिक हॉस्पिटलं होती आणि त्यांच्या स्वतःच्या सर्जरी रेसिडेन्सी होत्या. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचं डीओ कॉलेज आजही विद्यार्थ्यांना तिसऱ्या वर्षापासून राज्यातल्या ठरावीक 'बेस हॉस्पिटलां'त पाठवतं. २०१५ ते २०२०च्या दरम्यान डीओ आणि एमडी रेसिडेन्सींची मान्यता एकाच संस्थेकडे, एसीजीएमईकडे, गेली. यात फायदा झाला तसा तोटाही. जुन्या डीओ-राखीव जागांवर आता एमडीही अर्ज करतात, काही छोटे प्रोग्राम नवे निकष झेपेनात म्हणून बंद पडले. पण जे टिकले, तिथे डीओ रेसिडेंटांची परंपरा टिकली आहे. प्रोग्रामच्या वेबसाइटवर रेसिडेंटांचे फोटो असतात, नावापुढे डीओ किती आहेत ते मोजा. यापेक्षा खरी माहिती कुठलंही क्रमवारीचं पुस्तक देत नाही.

पैशाचंही इथेच बोलून टाकू. खासगी डीओ कॉलेजची फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास, कुठे त्याहून वर. २०२५च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी 'ग्रॅड प्लस' कर्ज बंद; डॉक्टरकीसारख्या अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाखांपर्यंतच. राहणं-खाणं धरलं तर वरची रक्कम घरातून किंवा खासगी कर्जातून काढावी लागेल. सरकारी कॉलेज मिळत असेल तर त्याच्या बाजूने हे मोठं वजन आहे. सैन्याची शिष्यवृत्ती हा एक मार्ग. दुसरा, ना-नफा हॉस्पिटलात १२० हप्ते भरल्यावर उरलेलं सरकारी कर्ज माफ होणं. रेसिडेन्सीची वर्षं त्यात धरली जातात, त्यामुळे पहिल्या पगारापासून कागदपत्रं नीट लावा.

पहिली दोन वर्षं

ॲनाटॉमीत मन लावा. पुढे कधीही इतक्या सवडीने देह पाहायला मिळणार नाही. बाकी अभ्यास एमडीसारखाच, वर सुमारे २०० तास ओएमएम, म्हणजे हाताने सांधे-स्नायू तपासायचं आणि मोकळे करायचं तंत्र. माझं मत विचाराल तर त्यातलं कंबर-मान-बरगड्यांचं शिकणं सर्जनलाही उपयोगी पडतं, निदान बोटांना ऊतींची ओळख होते. कवटीच्या हाडांच्या सूक्ष्म लयीबद्दल जे शिकवतात त्याला पुरावा फार तोकडा आहे. परीक्षेपुरतं शिका आणि पुढे चला.

परीक्षांचा घोळ समजून घ्या. डीओंना कॉमलेक्सच्या तीन पातळ्या सक्तीच्या. पहिली पातळी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, आणि २०२२पासून तिचा निकाल फक्त पास-नापास. एमडींची यूएसएमएलई डीओंना ऐच्छिक आहे, पण सर्जरीसाठी ऐच्छिक समजू नका. तिची पहिली पायरीही आता पास-नापास झाल्यामुळे सगळा भार दुसऱ्या पायरीच्या गुणांवर आला आहे. प्रोग्राम डायरेक्टरच्या हाती एमडी मुलांचे जे गुण असतात तेच तुमचेही ठेवता आले, तर तुलना करताना त्याला डोकं खाजवावं लागत नाही. पहिली पायरी द्यावी का, यावर मतं दोन आहेत. मी म्हणेन, सराव परीक्षांत सहज पास होत असाल तर द्या, काही प्रोग्राम ती मागतात; काठावर असाल तर देऊ नका, नापासाचा शिक्का कायमचा असतो.

हात

हातांच्या सरावासाठी तिसऱ्या वर्षाची वाट पाहायची नाही, पहिल्या महिन्यापासून सुरू करा. दोन्ही हातांची गाठ, मग एका हाताची, मग सुईधारकाने. टेबलाच्या खणाच्या मुठीला रेशमी दोरा अडकवून बसा. पहिला फेर एका बाजूला, दुसरा उलट बाजूला, आणि प्रत्येक फेरात दोरा ओढताना हात एकमेकांना ओलांडून गेले पाहिजेत. नाही गेले तर गाठ चपटी बसत नाही, घसरते. जमलं की एका मगच्या तळाला आतून छोटा हुक चिकटवा आणि बोट आत घालून त्या हुकला गाठ बांधा. गाठ घट्ट करताना मग टेबलावरून किंचितही उचलला गेला तर ती गाठ चुकली. पोटात खोलवर तिथे मगऐवजी रक्तवाहिनी असते आणि ती फाटते. हे हातमोजे घालून, मोजे ओले करून, डाव्या हाताने, गप्पा मारता मारता जमलं पाहिजे. टाक्यांसाठी कोंबडीची तंगडी चालते, कातडीसकट. घरात शाकाहार असेल तर केळ्याच्या सालीवर सुरुवात करा, पण ती लवकर फाटते आणि खोटा अपमान होतो.

तिसरं वर्ष

सर्जरी रोटेशनमध्ये पहाटे साडेचार-पाचला हॉस्पिटलात पोचायचं. रेसिडेंट येण्याआधी आपले दोन-तीन रुग्ण पाहून ठेवायचे. आतड्याच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस असेल तर विचारायचं काय? रात्री ताप आला होता का, लघवी किती झाली (तासाला किलोमागे अर्धा मिलीलिटर ही खालची रेघ), ड्रेनमधलं पाणी लालसर आहे की पिवळसर की हिरवट, पोट फुगलंय का, आणि वारा सरला का. मराठी घरात जो विषय जेवणाच्या टेबलावर काढत नाहीत तोच सकाळी सहाला राउंडमध्ये पहिला विचारतात. आतडी जागी झाली की नाही ते त्यावरून कळतं. हे सगळं मिनिटभरात, आकड्यांसकट, न अडखळता सांगता आलं पाहिजे, आणि शेवटी आज काय करायचं याबद्दल स्वतःचं एक वाक्य. ते चुकलं तरी चालेल, नसलं तर चालत नाही.

थिएटरमध्ये गेल्यावर नर्सला आपलं नाव आणि हातमोज्याचं माप सांगा, स्वतःचा गाऊन आणि मोजे काढून द्या. साधी गोष्ट, पण विद्यार्थ्याबद्दलचं पहिलं मत नर्स बनवते आणि ते सर्जनच्या कानावर जातं. आदल्या रात्री रुग्णाचा इतिहास आणि त्या भागाची ॲनाटॉमी वाचून जा. कॅमेरा धरायला दिला तर तो स्थिर ठेवा. आणि चार-पाच तास उभं राहून तुम्हाला सतत घड्याळ दिसत असेल, तर ते मनाशी प्रामाणिकपणे नोंदवा. भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट होण्यात काही कमीपणा नाही आणि दिशा बदलायला हीच योग्य वेळ आहे.

चौथं वर्ष: दुसऱ्याच्या घरी महिनाभर

जुलै ते ऑक्टोबर या काळात बाहेरच्या हॉस्पिटलांत चार-चार आठवड्यांची रोटेशन करतात. मुलं त्यांना 'ऑडिशन' म्हणतात आणि नाव अगदी बरोबर आहे. डीओ विद्यार्थ्याची जागा बऱ्याचदा इथेच ठरते. अर्ज 'व्हीएसएलओ' पोर्टलवरून वसंत ऋतूतच करायला लागतात. निवड करताना एक मोठं नाव, बाकी सगळे प्रोग्राम असे की जिथे सध्या डीओ रेसिडेंट आहेत. सगळीच मोठी नावं घेतलीत तर महिना पाहुणा म्हणून जातो.

तिथे गेल्यावर हुशारी दाखवण्यापेक्षा उपयोगी पडा. कोणी सांगायच्या आत ड्रेसिंगचं सामान हातात असावं. सहकारी विद्यार्थ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण देऊ नये. रात्रीची ड्यूटी मागून घ्या. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या सर्जनला शिफारसपत्राबद्दल विचारा, "जोरदार शिफारस करू शकाल का?" या शब्दांत, काचकूच दिसली तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. सर्जरीच्या अर्जाला तीन-चार पत्रं लागतात, आणि त्यातली बहुतेक सर्जनचीच असावीत. गणपती आणि दसरा त्या वर्षी बहुधा हॉस्पिटलातच जातील.

सप्टेंबरच्या शेवटी 'इरास' पोर्टलवरून रेसिडेन्सीचा अर्ज जातो. सोबत 'सिग्नल' देतात, म्हणजे आपल्याला खरंच कुठे जायचंय ते मोजक्या प्रोग्रामना कळवणं. ते रोटेशन केलेल्या जागांना आणि डीओ घेणाऱ्या जागांनाच द्या. हिवाळ्यात मुलाखती, मार्चच्या सुरुवातीला पसंतीक्रम. क्रम लावताना "ते मला घेतील का" हा हिशेब अजिबात करू नका. 'मॅच'चं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवण्याचं, गणित विद्यार्थ्याच्या खऱ्या पसंतीच्या बाजूने बांधलेलं आहे. त्या गणितावर काम करणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना २०१२मध्ये नोबेल मिळालं. जे सर्वांत हवंय ते सर्वांत वर. यूरॉलॉजी आणि डोळ्यांच्या जागांचे मॅच वेगळे असतात, त्यांचे निकाल फेब्रुवारीतच लागतात.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी जागा लागली की नाही एवढंच कळतं, कुठे लागली ते शुक्रवारी. आईबाबांनी सोमवारी फोन करू नये. जागा लागली नसेल तर त्याच दिवसापासून उरलेल्या जागांसाठी 'सोप'ची धावपळ सुरू होते आणि तेव्हा मुलांना एकेक मिनिट हवं असतं. डीओंचा एकूण मॅच अलीकडे ९० टक्क्यांच्या वर आहे, पण सर्जरीत तो त्याहून कमी, हे आधीच मनात धरून ठेवा. सोपमध्ये एक वर्षाची प्रिलिमिनरी सर्जरी मिळाली तर ती पत्करा, मात्र त्या हॉस्पिटलात मागच्या प्रिलिम रेसिडेंटांचं पुढे काय झालं ते विचारूनच. काही जणांना त्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षी कायमची जागा मिळते. काहींना वर्षभर राबवून निरोप देतात.

रेसिडेन्सी

जनरल सर्जरी पाच वर्षं. ऑर्थो आणि कान-नाक-घसा पाच, थेट प्लास्टिक सर्जरी सहा, न्यूरोसर्जरी सात. आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा २००३पासून आहे. कागदावर ती पाळली जाते. खरी किती ते रोटेशनमध्येच पाहून घ्यायचं.

पाच वर्षांत किमान ८५० मोठ्या शस्त्रक्रिया स्वतःच्या नावावर नोंदवाव्या लागतात, त्यातल्या २०० शेवटच्या, चीफच्या वर्षात. नोंद रोज रात्री करा, महिन्याचं साठवलं की काहीतरी सुटतंच. दरवर्षी हिवाळ्यात 'ॲबसाइट' परीक्षा; फेलोशिपवाले हे गुण पाहतात. लॅपरोस्कोपीची 'एफएलएस' परीक्षा पास व्हावी लागते. तिचा पहिला भाग म्हणजे पेटीच्या आत, पडद्यावर पाहत, सहा छोटे तुकडे एका बाजूच्या खुंट्यांवरून उचलून हवेतच दुसऱ्या हातात द्यायचे, पलीकडच्या खुंट्यांवर ठेवायचे आणि सगळे परत आणायचे, तेही घड्याळ लावून. कॉमलेक्सची तिसरी पातळी रेसिडेन्सीच्या सुरुवातीलाच उरकून टाका.

शेवटी अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीच्या दोन परीक्षा: एक लेखी, एक तोंडी. तोंडीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन फेऱ्या, समोर अनुभवी सर्जन, आणि प्रश्न असा की "रात्री दोनला हा रुग्ण आलाय, काय कराल?" एसीजीएमई मान्यतेची रेसिडेन्सी केलेल्या डीओला हेच बोर्ड आणि हीच परीक्षा. ऑस्टिओपॅथिक सर्जनांचं वेगळं बोर्डही आहे. फेलोशिप मनात असेल तर मी पहिलंच घ्यायला सांगेन.

त्यानंतर हवं तर कोलोरेक्टलचं एक वर्ष, रक्तवाहिन्यांची किंवा लहान मुलांची सर्जरी दोन वर्षं. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेली मुलगी मध्ये एकही वर्ष न गमावता गेली, तर जनरल सर्जन होते एकतिसाव्या वर्षी.